तोंड फुंकणीला, श्वास नाकाला

४ जानेवारी

व्याहीबुवांना विहिणीचा नमस्कार.

हे पत्र घरी न पाठवता काचेच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुम्ही रिटायर झालात तरी रोज सकाळी तिथे जाऊन नव्या कारागिरांच्या डोक्यावर बसता, असं पोरगी सांगत होती. घरी पाठवलं असतं तर तिनंच आधी उघडलं असतं. आईचं अक्षर दिसलं की पाकीट आपलंच, असं ती लहानपणापासून समजते. फोनही मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि "घ्या, सूनबाईंशी बोला" म्हणून मोकळे होता. आता ते का, हे मला कळलंय.

तुमच्याकडे राहून आले, सगळं छान वाटलं. पोरीला तिसरा महिना लागलाय, जावईबापू तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. पण आल्यापासून तुमच्या जिन्यातलं झाड काही माझ्या डोक्यातून जात नाही. वर चढताना मधल्या वळणावर तुम्ही प्रत्येक वेळी थांबलात आणि म्हणालात, "शेजाऱ्यांचं झाड बघा किती वाढलंय." व्याहीबुवा, त्या कुंडीत झाड नाही. वाळलेली काडी आहे. तिच्याकडे बघत तुम्ही श्वास गोळा करत होतात.

मग एक दिवस कात्री शोधताना तुमच्या टेबलाचा खण उघडला. आत श्वासाच्या औषधाचा पंप होता आणि त्यावर धूळ होती. जे रोज तोंडाला लागतं त्यावर धूळ बसत नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं तुम्ही मनात म्हणाल. पण मी वाकून बघते ते माझंही तेच दुखणं आहे म्हणून. तीस-बत्तीस वर्षं कोळशाच्या इस्त्रीवर गेली माझी. आता दुकानात विजेची इस्त्री आली, पण कोळशाचा धूर छातीत राहिलाच. डॉक्टर म्हणाले, आतल्या नळ्या आक्रसल्यात, पूर्वीसारख्या व्हायच्या नाहीत, पण औषध रोज आत ओढलंत तर सांभाळून राहतील. तुम्हालाही हेच सांगितलं असणार.

मग पंपावर धूळ का?

तुमची विहीण


१२ जानेवारी

विहीणबाईंना सादर नमस्कार.

इस्त्रीवालीची नजर ती. सुरकुती कुठे आहे ते बरोबर दिसतं. पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसल्यामुळे खोकला आला. खोकला थांबल्यावर लिहायला बसलो.

पंप मी सोडलाय. कसा सोडला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दिला तेव्हा विचारलं होतं, "वापरता येईल ना?" मी म्हणालो, "अहो डॉक्टर, आयुष्यभर काच फुगवायची फुंकणी तोंडात धरली आहे. मला काय श्वास शिकवता?" ते हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यानंतर मी इमानेइतबारे पंप घेतला. मिळालं काय, तर जिभेवर कडू चव आणि बसलेला घसा. छाती होती तिथेच. डॉक्टरांनी डोस वाढवला, मग पंप बदलला, मग पुन्हा वाढवला. प्रयोगशाळेसाठी फ्लास्क करायचो तेव्हा एखादी नळी तीनदा तापवूनही वळली नाही तर आम्ही ती बाजूला टाकायचो. काचच तशी, म्हणायचो. तसंच मी स्वतःबद्दल म्हटलं आणि पंप खणात टाकला.

घरी का सांगितलं नाही, हेही विचाराल. मुलाला दुसऱ्या शहरातून मोठ्या हुद्द्यासाठी बोलावणं आलंय, मे महिन्यात हजर व्हायचंय. अशी संधी त्याला पुन्हा मिळायची नाही, आणि बाळ येणार म्हणजे तिची गरजही आहे. पण तो म्हणतो, बाबांची तब्येत ठीक असेल तरच जाऊ. म्हणून माझी तब्येत ठीक आहे. म्हणून जिन्यात झाड आहे. ते दोघं जातील, मी इथे राहीन, आणि पुढे जे व्हायचं ते माझं माझं होईल. माझी छाती त्यांच्या वाटेत आलेली मला चालणार नाही.

तुम्हाला शपथ घालत नाही. विनंती करतो, सूनबाईंना सांगू नका.

आपला व्याही


२० जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

विनंती मान्य, पण फुकट नाही. एक अट आहे, ती या पत्राबरोबरच पोचते आहे. आमच्या शेजारणीचा भाऊ तुमच्या गावाला कामासाठी निघालाय, त्याच्या हाती हे पुडकं दिलंय. त्यात एक यंत्र आहे आणि कॅप्सूलींच्या पट्ट्या आहेत. माझंच औषध आहे, यंत्र मात्र कोरं आहे, घाबरू नका.

तुमचा पंप तुम्हाला लागू पडला नाही, तर दुसरं काही करून बघायचं. हातपाय गाळून बसायचं नाही. मला या यंत्रानं उठवून बसवलंय. आता नीट वाचा. ही कॅप्सूल गिळायची नाही. यंत्राचं झाकण उघडून ती खाचेत ठेवायची, झाकण लावायचं, बाजूची बटणं दाबून तिला टोचायचं. मग श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही, तोंड बाजूला करून. मग यंत्र तोंडात धरायचं, जोरात आत ओढायचं आणि जमेल तितका वेळ श्वास धरून ठेवायचा. नंतर चूळ भरायची. रोज सकाळी, न चुकता.

आधी डॉक्टरांना विचारावं का, असं माझ्याही मनात आलं. पण दुखणं तेच, वय साधारण तेच, मग औषधात असा काय फरक असणार. हे एवढं घ्या आणि मला कळवा. मी पोरीला काही बोलणार नाही. तिच्याशी फोनवर बोलताना जीभ चावून बसावं लागतं, तेवढं मात्र लक्षात ठेवा.

तुमची विहीण


९ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पुडकं पोचलं. तुम्ही सांगितलंत तसंच सगळं करतो. सकाळी कारखान्यात आलं की माझ्या जुन्या बाकड्यावर बसतो आणि बाकीचे बर्नर पेटवेपर्यंत माझं उरकून घेतो. वापरलेल्या कॅप्सूली खिशात टाकतो. घरी कचऱ्यात दिसल्या तर सूनबाई विचारतील.

यंत्राबद्दल एक बोलू का? रागावू नका. ते मालकिणीवर गेलेलं नाही. चकार शब्द काढत नाही. इतकं शांत, सोशिक यंत्र मी पाहिलेलं नाही. शिवाय जिभेला कडू लागत नाही, घसा बसत नाही. पंपापेक्षा हे शंभर पटीनं सभ्य.

छातीचं म्हणाल तर बरं आहे. बरं आहे असंच समजा. गेल्या आठवड्यात सर्दी झाली ती जरा खाली उतरलीय, खोकला आहे, कफाचा रंगही बदललाय. पण तुमचं औषध चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांकडे गेलो नाही. मुलानं नोकरीला होकार कळवला. त्या दिवशी जेवताना तो खूप दिवसांनी मोठ्यानं बोलला. तुमचे आभार मानायला हवेत. तुम्ही गप्प राहिलात म्हणून हे झालं.

आपला व्याही


३ मार्च

आई,

फोनवर मला बोलता येणार नाही, रडू येईल किंवा तोंडून नको ते जाईल. म्हणून लिहितेय.

बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. शुक्रवारी कारखान्यात कुणाला तरी नळी कशी वळवायची ते दाखवत होते, मधेच खाली बसले. ओठ निळे पडले होते. तिथल्या लोकांनी उचलून आणलं. छातीत जंतुसंसर्ग आणि आतल्या नळ्या जवळजवळ बंद. दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. आज धोका टळलाय असं म्हणतात.

नर्सनं त्यांचे कपडे माझ्याकडे दिले. कोटाच्या खिशात तुझं यंत्र होतं. तुझंच, आई. पट्ट्यांवर आपल्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं लेबल आहे. आणि खिसाभर कॅप्सूली, दोन्ही टोकांना टोचलेल्या. एक मी फोडून पाहिली. आत पावडर भरलेली होती. दुसरीतही तेच, तिसरीतही तेच. एवढे दिवस त्यांनी काहीच घेतलेलं नाही. तू पाठवलंस म्हणून तुझं मन राखायला नुसतं टोचून खिशात टाकत होते, असं ह्यांचं म्हणणं आहे.

डॉक्टरांनी मला विचारलं, हे यंत्र यांना कुणी लिहून दिलं? मी काय सांगणार होते? माझ्या आईनं, ती इस्त्री करते?

तुला सगळं माहीत होतं. जानेवारीपासून माहीत होतं आणि दर रविवारी तू माझ्याशी बाळाच्या दुपट्यांबद्दल बोलत होतीस. ह्यांनी नोकरीला नकार कळवायचं पत्र लिहून टेबलावर ठेवलंय. अजून धाडलं नाही. बघत बसतात त्याच्याकडे.

मी ठीक आहे. बाळ ठीक आहे. तू येऊ नकोस, तुलाच धाप लागेल आणि मला दोघांकडे बघावं लागेल.


६ मार्च

व्याहीबुवा,

आज नमस्कार लिहिण्याइतकं तोंड मला उरलेलं नाही.

तुम्हाला काही झालं असतं तर मी माझ्या लेकीच्या दारात पुन्हा उभी राहू शकले नसते. डॉक्टरांना न विचारता मी माझं औषध तुमच्या हातात दिलं, आणि त्या भरवशावर तुम्ही सर्दी अंगावर काढलीत. अर्धवट शहाणपण पूर्ण वेडेपणापेक्षा महाग पडतं. मला माफ करा. नाही केलंत तरी मी समजून घेईन.

पण रडूनभेकून झाल्यावर मी तुमचं पत्र पुन्हा काढलं. जावईबापू म्हणतात, तुम्ही नाटक करत होतात. मला ते पटत नाही. नाटक करणारा माणूस कॅप्सूल टोचत कशाला बसेल? आख्खी पट्टीच फेकून देईल. तुम्ही टोचलीत, म्हणजे ओढायच्या तयारीनंच बसलात. आणि पत्रात तुम्ही माझी थट्टा केली आहे, यंत्र चकार शब्द काढत नाही म्हणून. तेव्हा मी वाचून हसले आणि पत्र डब्यात ठेवलं. व्याहीबुवा, ते यंत्र बोलतं. ओढलं की आत कॅप्सूल गरगर फिरते, डबीत भुंगा कोंडावा तसा आवाज येतो. बाकी सगळं लिहिलं आणि आवाजाचं लिहायचं राहिलं, कारण जे रोज कानावर पडतं ते सांगण्यासारखं वाटतच नाही. तुमचं यंत्र गप्प होतं, म्हणजे तुमचा श्वास त्यातून गेलाच नाही. मग गेला कुठून?

तेव्हा एक काम करा. अंगात ताकद आली की मला लिहा, तुम्ही काय करता ते. डॉक्टरांना सांगता तसं "हो, घेतो" एवढंच नको. नव्या कारागिराला पहिल्या दिवशी शिकवता तसं लिहा. हात कुठे, ओठ कसे, काही गाळू नका.

विहीण


१२ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

उशीवर कागद टेकवून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. तुमच्यावर मी रागावलेलो नाही. खोटं बोललो मी, यंत्र पाठवलंत तुम्ही, आणि दोघांनीही ते प्रेमापोटी केलं. शहाण्या माणसांची बहुतेक पापं अशीच असतात.

इथे मला मास्क लावतात. तो नाकातोंडावर बसतो आणि त्यातून औषधाची वाफ येते. परवा नर्सबाईंना विचारलं, यात घालता काय? त्यांनी नाव सांगितलं. विहीणबाई, माझ्या पंपातलंच औषध ते. आणि इथे त्यानं छाती मोकळी होते, खरोखर होते. दोन वर्षं ज्याला मी कुचकामी म्हणत होतो ते खरं निघालं. मग पंपातून का लागू पडलं नाही, याचाच विचार करत पडलो होतो, तेवढ्यात तुमचं पत्र आलं.

तर घ्या, नव्या कारागिराला सांगतो तसं. ताठ बसायचं. खांदे सैल. फुंकणी, म्हणजे तुमचं यंत्र, ओठांत धरायची. ओठ घट्ट मिटायचे, बाजूनं वारा निसटता कामा नये. जीभ खाली. मग छाती भरून श्वास घ्यायचा. श्वास नाकानं घ्यायचा, कारण फुंकणीच्या दुसऱ्या टोकाला लाल काच असते, तिचा ताप आणि धूर नळीतून उलटा येतो. तोंड फुंकणीला, श्वास नाकाला, हा आमच्या वस्तादाचा पहिला नियम. मी शिकाऊ असताना एकदा चुकून तोंडानं ओढला तर त्यानं मानेवर अशी चापट दिली होती की डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्यानंतर ओठांत नळी असताना मी तोंडानं श्वास आत घेतल्याचं मला

इथवर लिहून थांबलो होतो. आता दुसऱ्या दिवशी दुपारी पुढे लिहितोय.

पेन ठेवलं आणि नर्सबाईंनी उशापाशी ठेवलेला पंप घेतला. तोंडात धरला आणि स्वतःवर लक्ष ठेवून श्वास घेतला. नाकानं गेला. पुन्हा घेतला, या वेळी तोंडानंच घ्यायचा असं बजावून. पुन्हा नाकानं. ओठांत नळी आली की माझं तोंड आतून कडी लावून घेतं, मला न विचारता. दोन वर्षं फवारा जिभेवर पडत होता आणि श्वास भलत्याच वाटेनं जात होता. एवढे दिवस मी माझ्या जिभेला दम्याचं औषध देत होतो.

इथे श्वासाचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई येतात. त्यांना बोलावून सांगितलं. वाटलं होतं हसतील. त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या, "करून दाखवा." हे दोन शब्द दोन वर्षांत मला कुणी म्हटले नव्हते, कारण मी कुणाला म्हणूच दिले नाहीत. मी करून दाखवलं. त्यांनी पुढे होऊन माझं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, आता घ्या. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो, तिचा प्रयोग माझ्यावर या वयात व्हायचा होता. श्वास तोंडानं आत गेला. आधी ठसका लागला. मग दुसऱ्यांदा घेतला. विहीणबाई, औषध घशाच्या खाली उतरताना मला जाणवलं. मी त्या बाईंसमोर रडलो.

नंतर त्यांनी एका नळीवर माझा आत ओढायचा जोर तपासला. बाहेर फुंकायला माझ्यात अजून थोडी धमक आहे, आत ओढायला फारशी नाही. म्हणजे तुमचं यंत्र मी तोंडानं ओढलं असतं तरी मला चाललं नसतं. त्याला जोरात खेचणारी छाती लागते. दुसऱ्याचा चष्मा उसना आणून लावाल का, असं त्यांनी विचारलं. तुमच्यातर्फे मीच मान खाली घातली. मला पुन्हा पंपच दिलाय, पण मधे स्पेसर लावून. पारदर्शक फुगीर भांडं असतं. एका टोकाला पंप बसवायचा, दुसरं टोक तोंडात. फवारा आधी भांड्यात जातो आणि आपण तो सावकाश आत घ्यायचा. जोर नको, घाई नको. आत एक बारीक पडदा आहे, तो हलला की समजायचं बरोबर गेलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. प्लास्टिकचं आहे, सांधा जाड आलाय, आमच्याकडे असा माल मी परत पाठवला असता. पण काम चोख करतं. सवय मोडेपर्यंत नाकाला चिमटा लावायचाय, पोहणारे लावतात तसला.

आता एक विचारू? इथे पडल्या पडल्या सुचलं. तुमचं औषध तुम्ही रोज घेत असाल तर माझ्याकडे पाठवण्याइतक्या पट्ट्या तुमच्याकडे उरल्या कशा?

आपला व्याही


२० मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून इस्त्री हातातच राहिली. एका शर्टाची बाही जळाली. गिऱ्हाइकाला तुमचं नाव सांगितलंय.

उरल्या, कारण मी रोज घेत नाही. छाती भरून आली की घेते. बरं वाटत असलं की वाटतं, आज कशाला, शिल्लक राहील. तुम्हाला "न चुकता" असं ठणकावून लिहिताना माझं स्वतःचं यंत्र कुठल्या पिशवीत आहे ते मला आठवत नव्हतं. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. तुम्ही रोज घेऊन चुकीचं घेत होतात, मी बरोबर घेत होते पण रोज नाही. पत्र वाचल्यावर मीही माझ्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, बघा, मी कसं ओढते ते. ओढणं ठीक आहे म्हणाले. मग विचारलं, शेवटचं कधी ओढलंत?

आता दुसरी गोष्ट. मी पोरीला सगळं सांगितलं. जिन्यातलं झाड, खणातला पंप, तुमचा तिथे एकट्यानं राहायचा बेत, सगळं. विनंती मोडली. पुन्हा मोडेन. ती म्हणाली, "आई, त्यांना एकटं ठेवून आम्ही सुखानं राहू असं त्यांना वाटलंच कसं?" हे मी शब्दाला शब्द लिहिते आहे, कारण ती तुमच्यासमोर असं बोलणार नाही. जावईबापूंचं ते नकाराचं पत्र अजून टेबलावरच आहे ना? ते फाडायला सांगा. मात्र फाडायची किंमत अशी की तुम्ही त्यांच्याबरोबर जायचं. तिथेही डॉक्टर असतात, आणि श्वास शिकवणाऱ्या बाईही असतीलच. काचेचा कारखाना नसेल. नव्या कारागिरांची सुटका होईल.

आणि रोजचं औषध. मी असं ठरवलंय की यंत्र इस्त्रीच्या टेबलावरच ठेवायचं आणि ते ओढल्याशिवाय इस्त्रीचं बटण दाबायचं नाही. तुम्ही तुमचं चष्म्याजवळ ठेवा. चष्म्यावाचून तुमचं पान हलत नाही. शिवाय दर सोमवारी मी तुम्हाला एक कार्ड टाकणार. त्यात फक्त "इस्त्री तापली" एवढंच असेल. म्हणजे आठवडाभर एकही दिवस चुकला नाही. चुकला तर कार्ड येणार नाही, खोटं मी लिहिणार नाही. तुम्हीही तसंच करा. लोकांना वाटेल म्हातारी माणसं खुळावली. वाटू द्या.

तुमची विहीण


२८ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही परत गेल्यापासून घरात माझी चूक काढायला कुणी नाही, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं होतं. नात बरी आहे. तुमचं नाक घेऊन आली आहे असं सूनबाई म्हणतात. मी म्हणतो, नाक कुणाचंही असो, आवाज नक्की तुमचा.

या नव्या शहरातल्या घराचा जिना तुम्ही पाहिलात. तिसरा मजला. अजूनही एका दमात चढता येत नाही, आणि पुढेही येणार नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलंय. झिजलं ते झिजलं. पण दर मजल्यावर थांबत मी रोज खाली जातो आणि वर येतो. मधे कुणी भेटलं तर झाडाबिडाचं नाव काढत नाही. दम लागलाय, थांबलोय, असं सांगतो. सांगितलं की दम जरा कमीच लागतो.

या महिन्यात एक आठवडा मोठा कठीण गेला. तुम्हाला वाटेल त्रास झाला. उलट इतकं बरं वाटत होतं की स्पेसर कपाटात ठेवून द्यावासा वाटला. मी ठीक आहे, मग रोज हे भांडं तोंडाला लावून आजारी असल्याची आठवण कशाला, असं मनात येत होतं. त्यातच तुमचं कार्ड आलं. इस्त्री तापली. इस्त्री तापते आणि आपण कपाट उघडायला निघालो, याची लाज वाटली. मुकाट्यानं चष्मा लावला आणि शेजारचं उचललं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. सूनबाईंना जरा आडवं होता यावं म्हणून नातीची संध्याकाळची बाटली माझ्याकडे आहे. काल तिला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पहिल्यांदाच नीट लक्ष देऊन पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, बाजूनं थेंब निसटत नाही. खांदे सैल. आणि श्वास चाललाय तो नाकानं, एका लयीत, तोंडाचं काम क्षणभर न थांबवता. तोंड बाटलीला, श्वास नाकाला. विहीणबाई, हे शिकायला मी वस्तादाच्या चापटा खाल्ल्या, तो नियम ही पोर जन्मतःच घेऊन आली आहे. माझ्या वस्तादानं तिला लगेच कामावर ठेवून घेतलं असतं. मार्चमध्ये मी गेलो असतो तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिच्या घरात ते ओळखणारा मी एकटाच आहे.

बाटली संपली, तोवर माझी वेळ झाली होती. तिला मांडीवरच ठेवून स्पेसर उचलला. आताशा चिमटा लागत नाही. भांड्याचं टोक तोंडात धरलं तशी ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागली. मी भांडं पुन्हा बाजूला केलं आणि तिला सांगितलं, "तुझं बरोबर आहे बाळा. आजोबांना मात्र उलटं करावं लागतं."

मग तोंडानं सावकाश आत घेतला. पडदा हलला. तिनं जांभई दिली.

आज सोमवार आहे, पण वेगळं कार्ड पाठवत नाही. कार्डावरचं माझं नेहमीचं वाक्य इथेच लिहितो.

भट्टी पेटली.

आपला व्याही